पदराखालचा हात

कुष्ठधामातल्या डॉक्टरांनी बरी झाल्याचं सांगितलं, तरी जिजा उजवा हात पदराखालीच ठेवी. तिथल्या नर्सबाईंनी बायबलातल्या वाळलेल्या हाताच्या माणसाची गोष्ट सांगितलेली. ‘हात पुढे कर,’ येशू म्हणाला आणि त्यानं केला. ‘हात मागाहून बरा झाला, आधी मनातलं भेव गेलं,’ बाई म्हणाल्या. जिजाचं भेव जाईना. सन छप्पनच्या उन्हाळ्यात नणंदेच्या लग्नासाठी गिरडची कासारीण बांगड्या भरायला अंगणात बसली. साऱ्याजणींचे हात भरले. जिजा दाराआडच घुटमळली. “काऊन लपून राह्यली वं? हात पुढे कर!” कासारणीनं हटकलं. जिजा दचकली. “मले तो रोग होता, मावशी.” “मले ठाव हाय. ये!” हात पदराबाहेर आला. मावशीनं पंजा दाबला, बांगडी अडली. “हात तं चांगला हाय, माय. मूठ तूच आवळून राह्यली.” जिजानं मूठ सोडली. बांगडी सरकन चढली. “कोपरापर्यंत भर, मावशी!”