एक्केचाळीस वर्षांचं हृदय

"माझ्या हृदयाचं वय किती?" मैत्रिणींनी पैजच लावली, म्हणून नववीतल्या शर्वाणीने शाळेच्या दारातल्या तब्येत सांगणाऱ्या आरशाला विचारलं. आरशाने तिच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या वाचल्या. "लहानपणापासूनचा मधुमेह. हृदय एक्केचाळीस वर्षांचं."

"अगंबाई, काकू! जिना जपून हं!" मैत्रिणी खिदळल्या. तीही हसली. पण दुसऱ्या दिवसापासून तिचं दप्तर कुणीतरी उचलू लागलं आणि खो-खोला तिला कुणी बोलवेना. मैदानाकडेच्या बाकावर ती एकटीच बसून राहायची.

आज घरी आईबाबांसोबत जिना चढताना आईनेही हात पुढे केला. शर्वाणीने तो धरला नाही.

"आई, बाबा, डॉक्टर तर पळ म्हणतात. उद्या मी सरळ रांगेत जाऊन बसणार. बघतेच, माझ्या पाठीवर खो कोण देत नाही ते!"