रापीपुढचा अंगठा

निवृत्तीनंतर नवऱ्याला चामड्याच्या वस्तू बनवायचा छंद लागला. दिवाणखान्यातल्या टेबलावर त्याने नवीकोरी हत्यारं मांडली आणि बायकोला हाक मारली. "ही आरी, भोकं पाडायला. ही रापी, कापायला. धार बघ, लोण्यासारखं कापेल! आणि हा वास घे, अस्सल चामड्याचा." तिने घेतला. तिचे वडील जन्मभर चपला शिवायचे. लेकीला भेटायला आले, की याच वासापायी जावई त्यांना दाराबाहेर स्टुलावर बसवायचा. नवऱ्याने चामडं डाव्या अंगठ्याने दाबून धरलं आणि रापी थेट अंगठ्याच्याच दिशेने रेटली. वडिलांनी लहानपणी तिला पहिला धडा हाच दिला होता: बोट कायम पात्याच्या मागे, पुढे आलं की गेलं. चामडं चिवट होतं. रापी मध्येच अडकली. "पुढे का सरकत नाही गं?" तिने अंगठ्याकडे पाहिलं. "जोर लावा की जरा," ती म्हणाली.