निवडणुकीची शाई

उत्तरेश्वर घरी आला तेव्हा ऐन दिवेलागणीला आई अंथरुणावर पडलेली होती, कपाळाला ओलं फडकं बांधून. सकाळी तो निघाला तेव्हा ती अंगणात ज्वारी पाखडत होती.

"काय झालं आईला?" त्यानं बायकोला विचारलं.

"ते तुम्हालाच ठाऊक," हर्षाली म्हणाली. "दुपारी तुमच्या कचेरीतले आले होते, साहेबसुद्धा. सफरचंदं घेऊन. अंगणात सासूबाई दिसल्या, तर त्यांनाच विचारलं, उत्तरेश्वरच्या आईची तब्येत कशी आहे?"

"मग?"

"मग काय! सूप खाली ठेवलं. बसा, बघून सांगते म्हणाल्या. आत आल्या, फडकं बांधलं, आडव्या झाल्या आणि मला म्हणाल्या, घे आत बोलवून."

"साहेबांनी ओळखलं नाही?"

"कोण जाणे. सफरचंदं मात्र ठेवून गेले."

उत्तरेश्वरनं सफरचंदांकडं पाहिलं. कचेरीत रजेच्या अर्जांचं टेबल त्याच्याकडंच होतं. कोणतं कारण साहेब फेटाळतात आणि कोणतं डोळे झाकून मंजूर करतात, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आईचं आजारपण आजवर एकदाही फेटाळलं गेलं नव्हतं, म्हणून स्वतःच्या अर्जात त्यानं तेच लिहिलं होतं. माळावरच्या वायनरीत हंगामभर द्राक्षं तोडावीशी वाटतात, हे कारण नियमांत कुठंच बसत नव्हतं. तिथं दिवसभर वाकून त्याची खुर्चीत आखडलेली पाठ सुटली होती, भाकरी गोड लागत होती. याचीही नियमांत सोय नव्हती.

आईला त्यानं निवडणुकीचं काम लागलंय म्हणून सांगितलं होतं. ते कचेरीतल्या माणसाला बारा महिने लागू शकतं, त्यामुळं कसली निवडणूक, असं तिनं विचारलं नाही. टाकीतली काळ्या द्राक्षांची सालं उपसून हात मनगटापर्यंत जांभळे झाले, तेव्हाही 'शाई' म्हणून भागलं. "लई लोकं मतदान करायलेत," एवढंच ती म्हणाली होती.

"आई, ऊठ की आता. गेले ते."

"उठून काय करू? पाणी बी पिता येत न्हाय."

तेव्हा त्याचं लक्ष गेलं. आईचा गळा मोकळा होता. तुळशीची माळ खुंटीला लटकत होती. गळ्यात माळ नसेल तर पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा तिचा नेम.

"माळ घालून खोटं कसं बोलायचं? म्हणून काढून ठिवली," आई म्हणाली.

"दुपारपासून सांगतेय, घाला म्हणून," हर्षाली म्हणाली. "मी घालते म्हटलं तरी ऐकत नाहीत. म्हणतात, ज्याच्यापायी उतरली त्यानंच घालायची."

उत्तरेश्वर लगबगीनं खुंटीकडं गेला.

"थांब," आई म्हणाली. "निवडणूक कुठं हाय?"

त्याचा हात हवेतच राहिला.

"निवडणूक नाही, आई. वायनरीत जातो. द्राक्षं तोडायला."

"तोडून?"

"रस काढतात."

"आन मग?"

हर्षाली उगीचच वर पेटलेला दिवा पाहू लागली.

"आन मग, उत्तरेश्वर?"

"मग आंबवतात."

आईनं डोळे मिटले. ओठ कोरडे पडले होते. तिनं त्यांवरून जीभ फिरवली, तीही कोरडीच.

"म्हंजी ही शाई न्हाय."

"नाही."

"मग तसल्या हातानं माळंला शिवू नको. धुवून ये."

तो मोरीत जाऊन बसला. आधी साबण लावला, मग लिंबू, मग चुलीतली राख. हर्षाली तांब्यानं पाणी ओतत राहिली. पाणी जांभळं होऊन वाहत होतं, हात होते तसेच होते. रेषारेषांत, नखांच्या कडांना रंग मुरलेला. त्यानं फरशी घासायचा ब्रश घेतला.

"निघालं का रं?" आतून आईनं विचारलं आणि तिला ढास लागली.

तिचा आवाज आता अगदी रजेच्या अर्जातल्या आजारी आईसारखा येत होता.