वरच्या काकांचा ठेका

माझा पहिलाच रॅप अल्बम तुफान खपला, नवं घर घेतलं. जुनी खोली रिकामी करत होते, तेवढ्यात वरचे काका काठी टेकत खाली आले. “पोरांना तुझं ते गाणं बंद करायला सांग! मी दिसलो की टाळ्यांनी ठेका धरतात.” “धरणारच! ठेका तुमचाच आहे, काका. शेवटच्या आजारात आई खोकली की तुम्ही वरून काठी आपटायचात. ठक, ठक, ठक. मी ते रेकॉर्ड करून ठेवलं होतं.” काका चपापले. “माझं नाव तरी नाही ना घातलंस?” “घातलंय की! कव्हरवर, आईच्या फोटोखाली.” कठडा धरून काका जिना चढले. थोड्या वेळाने वरून खोकला ऐकू आला. कोपऱ्यात आईचा जळमटं काढायचा झाडू उरला होता. मी त्याचा लांब दांडा छताला आपटला. ठक, ठक, ठक.