समोरची बाजू

वकीलकाका आत आले तेव्हा बाबा सोफ्यावर आडवे पडले होते आणि बर्फ्या शेपूट हलवत दारात उभा होता. ठरलं होतं ते बरोबर याच्या उलट.

बेत मुलीचा होता. खालच्या मजल्यावरच्या वकीलकाकांनी बर्फ्याविरुद्ध तक्रार केली होती, आणि इमारतीच्या समितीने अंग काढून घेऊन निकालही त्यांच्यावरच सोपवला होता. आज ते प्रत्यक्ष पाहणी करणार होते. त्यांनी नाही म्हटलं, तर रविवारी बर्फ्याची रवानगी शहराबाहेरच्या श्वानगृहात. म्हणून मुलीने बाबांना सायकलवर बसवलं, दोर बर्फ्याच्या छातीपट्ट्याला बांधला आणि सांगितलं, "दमवून आणा. काका येतील तेव्हा तो गाढ झोपलेला पाहिजे."

पण बर्फ्या हस्की. दिवसभर बर्फावरून गाडी ओढायची, रात्री बर्फातच झोपायचं आणि सकाळी पुन्हा ओढायला उभं राहायचं, हा त्याच्या पूर्वजांचा दिनक्रम. बाबांचे पूर्वज बँकेत होते. परतल्यावर बाबांना जिना चढवेना. शेवटी बर्फ्यानेच त्यांना वर ओढून आणलं.

"बसा ना काका," मुलगी म्हणाली.

काकांनी खुर्चीवर फुंकर मारली. केसांचा एक पांढरा पुंजका उडाला, थोडा वेळ तरंगला आणि त्यांच्या काळ्या पँटवर येऊन बसला.

"सध्या आतला थर गळतोय," मुलगी घाईघाईने म्हणाली. "दोन थर असतात. वरचा राठ, आतला मऊ. वर्षातून दोनदा आतला जातो."

"मग न्हाव्याकडे न्या. एकदाचे उतरवून टाका."

"मीही तेच म्हणते," आई म्हणाली.

"अजिबात नाही! त्या केसांनीच ऊन बाहेर राहतं. कातरले तर जास्त तापेल तो. आणि एकदा गेले की पुन्हा तसे येतीलच असं नाही."

"माझे कुठे आले?" बाबा सोफ्यावरून म्हणाले.

काका खुर्चीत ताठ बसले. "मुद्द्यावर येऊ. हे जनावर रोज पहाटे गळा काढतं. चोरावर भुंकलं तर मी समजू शकतो."

"हस्की चोरावर नाही भुंकत, काका. चोर आला तर तो त्याला सगळं घर फिरवून दाखवेल."

आईने तिला कोपर मारलं.

"म्हणजे राखणीला उपयोग शून्य," काका म्हणाले. "आणि नुसता आवाज."

बर्फ्याने मान तिरकी करून वाक्य पूर्ण होऊ दिलं. मग तोंड वर करून म्हणाला, "आऽऽवूवूवू."

"मी तुला विचारलेलं नाही."

"वूऽऽ. आवूवू."

मुलीने झेप घेऊन त्याचं तोंड दोन्ही हातांनी मिटलं. संपलं सगळं, असं तिला वाटलं. आईने डोळे मिटून घेतले.

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. बर्फ्याचा एक डोळा निळा, एक तपकिरी. दोन्ही त्यांच्यावरच रोखलेले.

"हात काढ," काका म्हणाले.

"काका, तो पुन्हा..."

"हात काढ म्हणतो ना! त्याचं बोलणं पूर्ण व्हायचंय." मग जरा हळू, "आमच्या घरी मी दुसरं वाक्य सुरू केलं की ही कानातलं यंत्र काढून ठेवते."

हात निघाला. बर्फ्या बोलला. बराच बोलला, मध्येच सूर खाली नेला, शेवटी एकदम चढवला.

"चूक!" काका उठले. "साफ चूक! पहाटेची शांतता हा माझा हक्क आहे. तो हक्क कोणत्या आधारावर नाकारता?"

"आवूवू वूऽऽ."

"हा आधार नव्हे. ही सबब झाली."

ते टीव्हीपासून खिडकीपर्यंत गेले आणि वळले. अंगात नसलेल्या कोटाच्या कडा त्यांनी दोन्ही हातांनी धरल्या होत्या. बर्फ्या पोट गार फरशीला टेकवून बसला आणि प्रत्येक वाक्यानंतर उत्तर देत राहिला. त्याला घाई नव्हती. त्याच्या जातीला ती नसतेच. एकदा पट्टा चढला की मुक्काम येईपर्यंत ओढायचं एवढंच त्याला ठाऊक. 'हे जनावर' मागे पडून केव्हा 'समोरची बाजू' झालं आणि 'समोरच्या बाजूचं' केव्हा 'माझे विद्वान मित्र' झालं, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. आईने ठेवलेला चहा निवला, वर एक पांढरा केस तरंगू लागला. काकांनी तो केसासकट पिऊन टाकला आणि घसा खाकरला.

"प्रश्न गुंतागुंतीचा आहे. आज निकाल देता येणार नाही. पुढची तारीख उद्या, संध्याकाळी."

"आणि रविवारी?" मुलीने विचारलं. "त्याला न्यायला येणार आहेत, काका."

"काय बोलतेस!" काका खवळले. "प्रकरण चालू असताना त्याला इथून हलवणार? आधी समितीला कळव, सुनावणी सुरू आहे म्हणून."

"किती चालेल?" सोफ्यावरून बाबांनी विचारलं.

"माझं सगळ्यात लहान प्रकरण," काका चपला घालत म्हणाले, "नऊ वर्षं चाललं."

दार लागलं. पावलं जिन्याने उतरू लागली. बर्फ्या दाराशी गेला, फटीला नाक लावलं आणि लांब सूर लावून गळा काढला.

पावलं थांबली.

"ते उद्या मांडा!" जिन्यातून आवाज आला. "उद्या!"