भिंतीवरची टिचकी

टोरांटोतल्या घरासाठी पृथ्वीराज उद्या तीस वर्षांच्या कर्जावर सही करणार होता, आणि इकडे कोल्हापुरात त्याच्या वडिलांच्या, हंबीररावांच्या जिवाला घोर लागला होता. बांधकामावर उभी हयात घालवलेल्या माणसाने व्हिडिओवर घर पसंत करायचे तरी कसे?

“भिंतीवर टिचकी मार. आणि फोन भिंतीला चिकटवून धर, आवाज ऐकू दे मला.”

“दादा, हितं सगळ्या लाकडीच भिंती असत्यात की!” लेक वैतागला, तरी त्याने फोन भिंतीला लावला.

हंबीररावांनी डोळे मिटले. टिचकीच्या पाठोपाठ पलीकडच्या खोलीतून सुनेचा, मोनाचा, दबका आवाज आला. ती आपल्या आईशी फोनवर बोलत होती. “तीस वर्षं हितं काढायची म्हटलं की छातीत धडधडतंय गं. पण मामंजींनी गल्लीभर पेढे वाटल्यात. आता कुठल्या तोंडानं न्हाय म्हणू?”

“काय दादा, पोकळ लागली व्हय?” पृथ्वीराजने हसत विचारले.

“सही थांबव,” हंबीरराव म्हणाले. “आणि फोन बाजूला ठेवून आता तुझा कान लाव तिथं.”