डावा पीळ

अठराव्या दिवशीही आकडा हलला नाही. उणे चार पूर्णांक एक. तिने यंत्रावरून डोळा काढला, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. तेच.

"बोलावू का विभागप्रमुखांना?" मावशींनी विचारलं. मावशी प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुवायच्या. तीस वर्षं तेच काम, आणि अजून हातून एक नळी फुटलेली नाही हे त्या येईल त्याला ऐकवायच्या.

"एवढ्यात नको मावशी. एकवीस दिवस होऊ देत."

"सरांसारखीच चिवट आहेस," म्हणत मावशी पात्रं विसळायला गेल्या.

सर म्हणजे तिचे बाबा. हयातभर त्यांनी एकाच गोष्टीचा ध्यास घेतला, पीळदार रेणूंचा. बेंझिनची कडी एका अंगाने वळवत जोडत गेलं, की पाचव्या कड्याशी जागा संपते. टोकं एकमेकांवर आपटायला लागतात आणि रेणू नाइलाजाने गोल जिन्यासारखा वर चढतो. कुणी डावीकडून, कुणी उजवीकडून. बाकी सगळं सारखंच. फक्त डावा प्रकाशाला डावीकडे वळवतो, उजवा उजवीकडे. यंत्र तेच वळण मोजतं, डाव्याचा आकडा उणे. पण पाच कड्यांचा जिना भित्रा असतो. ऊब लागली की डावे गुपचूप उजवे व्हायला लागतात. निम्मे-निम्मे झाले की प्रकाश सरळ निघून जातो. आकडा शून्य, खेळ खलास.

बाबांनी टोकाला छोटासा खुंटा बसवला आणि छापून टाकलं, की हा पीळ सुटत नाही. साठ अंशांच्या पाण्यात तीन आठवडे ठेवा, डावा तो डावाच. "माणसांत कधी डावं-उजवं केलं नाही," ते घरी म्हणायचे, "ती सगळी हौस रेणूंवर भागवली."

मग दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत कुणीतरी तो प्रयोग करून बघितला. तीन आठवड्यांत शून्य. तिसरीकडेही तेच. चौकशी समिती आली, नळी आपल्या खोलीत घेऊन गेली, तिथेही शून्य. "माझ्याकडे टिकतो हो," बाबा सांगत राहिले. कुणीतरी म्हणालं, रेणूला सरांचा लळा लागलाय, आणि विभागभर हशा झाला. लेख मागे घ्यावा लागला. खोटे आकडे लिहिल्याचा ठपका बसला आणि आठ महिन्यांत बाबा गेले. डॉक्टरांनी हृदयाचं कारण लिहिलं. तिला काय समजायचं ते समजलं होतं.

म्हणून ती इथे आली होती. तीच खोली, तेच टेबल, आणि बाबांच्या वहीत लिहिलंय तस्संच सगळं. द्रावणाची मोठी बाटली फ्रीजमध्ये, त्यातलं एक नळीभर गरम पाण्यात, सुट्ट्या सोडून रोज सकाळी दहाला आकडा. बाबा खोटारडे नव्हते, एवढं एकदा कागदावर यायला हवं होतं. बाकी तिला काही नको होतं.

पहिला आठवडा ती आनंदात होती. दुसऱ्या आठवड्यात तिला भीती वाटायला लागली.

कारण कुणाला न सांगता तिने वरच्या मजल्यावर दुसरी नळी ठेवली होती, त्याच बाटलीतली, तेवढ्याच गरम पाण्यात. तिचा आकडा चार दिवसांत निम्म्यावर आला आणि आता शून्याला टेकला होता. खालची नळी मात्र जशीच्या तशी.

आणि खालच्या खोलीत काहीतरी होतं. संध्याकाळी निघताना ती नळीवरची खूण खालच्या बाजूला येईल अशी नळी आडवी ठेवायची. सकाळी खूण वर असायची. बाबांच्या वेळी तशीच असायची. बाबांचं स्टूल भिंतीशी ढकलून ठेवावं, तर सकाळी ते टेबलाजवळ आलेलं. बाटलीतलं द्रावण उतरत होतं, म्हणून तिने बूच बदलून पाहिलं, तरी उतरतच राहिलं. एकदा भर सकाळी तिने हळूच "बाबा?" म्हणून हाक मारली आणि तिच्याच अंगावर काटा आला.

"सर कुठे जातायत," मावशी एकदा सहज म्हणाल्या. "त्यांचा जीव इथेच अडकलेला."

तिने ते हसण्यावारी नेलं नाही. त्या दिवशी वरची नळी तिने मोरीत ओतून टाकली आणि आपल्या वहीतलं त्या नळीचं पान फाडलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने आकडे लपवले. वाईट वाटलं नाही. बाबा मदत करत असतील तर ती कोण मोडता घालणारी?

एकविसाव्या दिवशी विभागप्रमुख आले. यंत्राला डोळा लावून बराच वेळ वाकून राहिले.

"उणे चार पूर्णांक एक," ते शेवटी म्हणाले. "चौकशी समितीच्या त्या अहवालावर माझीही सही होती."

"माहीत आहे मला."

"दुसरीकडे कुठे ठेवून बघितलंस का?"

"नाही," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. "पत्र मी लिहितो. आजच. माफीसकट." दारात थांबून ते म्हणाले, "सर असते तर बरं झालं असतं."

ते गेल्यावर तिचा बांध फुटला. बाबांच्या स्टुलावर बसून ती पोटभर रडली. मावशींनी पाणी आणून दिलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"मावशी, बाबांना कळलं असेल ना?"

"कळलं असणार. आणि माझ्यावरही खूश असतील. तुझ्या नळीला मी काही होऊ दिलं नाही."

"म्हणजे?"

"अगं, त्यांनीच बजावलं होतं, मावशी, नळी लखलखीत हवी म्हणून. मग आदल्या दिवशीचं शिळं मी त्यात ठेवेन होय? रोज आठला येते, सरांचं स्टूल जागेवर लावते, शिळं ओतून टाकते, नळी धुते आणि फ्रीजमधल्या बाटलीतलं ताजं भरून ठेवते. सरांच्या वेळीसुद्धा कामाचा एक दिवस चुकवला नाही."